अर्ज न घेतां राजधानीस

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विवाहित दांपत्यांच्या मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हांस अशी आज्ञा केली कीं, दांपत्यांच्या या मेळाव्यांत आम्हीं कांहीं तरी उपयुक्त बोलावें. चिटणिसांनीं विषयांची एक यादीहि करून दिली होती. कुटुंबांतील काटकसर, मुलांचें शिक्षण, मोबाईलचें वेड, वृद्धांची शुश्रूषा. विषय सर्व उत्तम आहेत; त्यांवर आम्ही पुष्कळ वर्षें बोलत आलों आहों, आपण पुष्कळ वर्षें ऐकत आलां आहां, आणि कोणत्या वाक्याला कोणाचे डोळे मिटूं लागतात हेंहि आतां आम्हांला ठाऊक झालें आहे. म्हणून आज यादीबाहेरचा एक विषय घेतों. आपल्या धर्मग्रामांतील एक जोडपें यंदाच्या, म्हणजे 2024 सालच्या, जानेवारी महिन्यांत एका शनिवारीं सकाळीं आगगाडींत बसून मुंबईस गेलें आणि रविवारीं रात्रीं परत आलें. विषय एवढाच आहे.

ही हकीकत सांगण्यास त्या दोघांची अनुमति आहे. बाईंनीं मात्र एक अट घातली. त्या म्हणाल्या, "फादर, ओळखणारे ओळखतीलच, पण नांव तुमच्या तोंडून नको." तेव्हां नांव आम्ही घेणार नाहीं, आणि आपणहि या क्षणीं माना वळवून मागच्या बांकाकडे पाहूं नये अशी विनंती आहे.

पुण्याचीं दोन माणसें दोन दिवस मुंबईस गेलीं, यांत भाषण करण्यासारखें काय आहे, असें कोणी म्हणेल. परंतु त्यांच्या जाण्याची वार्ता आमच्या कानीं त्यांच्याकडून आली नाहीं. तीं दोघें परतण्यापूर्वींच, रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर, दोन सद्गृहस्थ आणि एक बाई आमच्या कार्यालयांत येऊन, अत्यंत काळजीच्या स्वरांत, ती सांगून गेलीं. तक्रार अशी होती कीं, घरांत सासू जाऊन अजून वर्ष भरलें नाहीं, आणि हीं दोघें या वयांत, कांहीं काम नसतांना, मुंबईला मौज करावयास गेलीं! 'काम नसतांना' हे शब्द तिघांनींहि उच्चारले. वयाचें आणि वर्षाचें आपण पुढें पाहूं. परंतु आम्हांस विचार करावयास लावलें तें या दोन शब्दांनीं.

आपल्यापैकीं बहुतेकांचीं मूळ गांवें नगरकडचीं. तेथून आपले वाडवडील पुण्यास आले, कोणी कारखान्यांत लागले, कोणी इस्पितळांत, कोणी शाळेंत. या सर्व पिढ्यांत राजधानीशीं आपला संबंध कसा आला तें आठवून पाहावें. 1 मे 1960 रोजीं महाराष्ट्र राज्य झालें व मुंबई त्याची राजधानी झाली; त्यापूर्वीं ती मुंबई इलाख्याची राजधानी होतीच. आपला माणूस तेथें जातो तो हातांत कागद घेऊन. मंत्रालयांत बदलीचा अर्ज, परदेशीं जाणाऱ्या मुलाच्या व्हिसाचे कागद, मोठ्या इस्पितळांत दाखवावयाची फाईल, विमानतळावर कोणाला पोहोंचवावयाचें, कोणाची मयत. काम झालें कीं संध्याकाळची गाडी पकडून तो परततो, आणि समुद्र दिसला काय असें विचारलें तर म्हणतो, दिसला, टॅक्सींतून. राजधानी ही अर्ज देण्याची जागा आहे अशी आपली ठाम समजूत होऊन बसली आहे. अर्ज न घेतां तेथें जाणारा मनुष्य आपल्याला संशयास्पद वाटतो.

आतां या दांपत्याविषयीं. गृहस्थ एका कारखान्यांत लेथवर काम करून दोन वर्षांपूर्वीं निवृत्त झाले. बाईंनीं नोकरी केली नाहीं. मुलगी दुबईस, मुलगा बंगलोरास. गृहस्थांच्या मातोश्री सात वर्षें अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्या सात वर्षांत या दोघांनीं एकदांहि एकत्र घराबाहेर रात्र काढली नाहीं. लग्नाला एक जाई, दुसरें घरीं राही. मिस्सेलाहि एक सकाळीं येई, एक संध्याकाळीं. आम्ही या धर्मग्रामांत आल्यापासून दोघांना शेजारीं बसलेलीं पाहिलें तें मातोश्रींच्या अंत्यविधीच्या दिवशीं, 2023 च्या उपवासकाळांत. त्यानंतर घर मोकळें झालें. मोकळ्या घरांत दोन माणसें समोरासमोर बसलीं तर बोलावयाचें काय, हा प्रश्न किती कठीण असतो हें ज्यांनीं दीर्घ काळ रुग्णशुश्रूषा केली आहे त्यांना आम्हीं सांगावयास नको. बाई म्हणाल्या, "औषधाची वेळ झाली, एवढेंच आम्ही सात वर्षें एकमेकांना सांगत होतों. औषध संपलें आणि बोलणेंहि संपलें."

त्या शनिवारीं त्यांना श्रीरामपूरकडे जावयाचें होतें. पुतण्याच्या सोयरिकीची बैठक होती. शुक्रवारीं रात्रीं नऊच्या सुमारास फोन आला कीं, मुलीकडचा कोणी आजारी पडल्यामुळें बैठक पुढें ढकलली आहे. बाईंनीं पिशवी भरून दाराशीं ठेवली होती. गृहस्थ ती उचलून आंत नेऊं लागले, तेव्हां त्या म्हणाल्या, "राहूं द्या, भरलेलीच आहे. आपण दुसरीकडेच जाऊं या."

"कोठें?"

"जेथें कोणी ओळखीचें भेटणार नाहीं तेथें."

गृहस्थ थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि म्हणाले, "डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते." त्यांना इतर कोणत्याहि गाडीची वेळ पाठ नाहीं. हीच एक कां पाठ होती, तें ओघानें येईल.

स्टेशनवर पहांटे गेल्यावर, गाडी सुटण्यापूर्वीं शिल्लक जागा देतात तशा, दोन जागा मिळाल्या. पण एक डब्याच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला. अशा रीतीनें आमचें दांपत्य सहलीस निघालें तें परस्परांकडे पाठ करून. या गाडीविषयीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ती 1 जून 1930 रोजीं सुरू झाली, आणि आरंभीं तिला फक्त पहिला व दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग तिला जोडला गेला तो 1955 च्या जून महिन्यांत. म्हणजे पंचवीस वर्षें ही गाडी आपल्या पुण्याहून धुऊन-पुसून निघत होती, आणि आपले आजे रुळांच्या कडेला उभे राहून ती पाहत होते. आज तिच्यांत पासवाले नोकरदार आहेत, विद्यार्थी आहेत, आणि चालत्या गाडींत टेबलाशीं बसून खातां येईल असा उपाहाराचा डबा अजूनहि आहे. लोणावळें आलें तेव्हां बाईंच्या शेजारचा एक विद्यार्थी, दोन-तीनदां मागें वळून पाहणाऱ्या बाईंना पाहून, आपण होऊन उठला आणि गृहस्थांच्या जागेवर जाऊन बसला. त्या अनोळखी मुलानें त्या दिवशीं केवढें काम केलें हें त्याला कधींच कळणार नाहीं.

लोणावळ्यापुढें खंडाळा, आणि खंडाळ्याच्या पुढें घाट उतरूं लागतो. येथें आपण आम्हांला थोडें विषयांतर करूं द्यावें. 1858 मध्यें पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत रेल्वे झाली होती, आणि खालीं पळसदरीपर्यंतहि झाली होती. मधला घाट तेवढा उरला होता. उतारू खंडाळ्याला उतरत, पालखींत किंवा तट्टावर बसून घाट उतरत, आणि खालीं पुन्हां गाडींत बसत. घाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस हात पुढें गेल्यावर एक हात वर, इतका तीव्र. पहिल्या ठेकेदारानें काम सोडलें. त्यानंतर 1859 मध्यें सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा इंग्रज ठेकेदार आपल्या पत्नीसह मुंबईस उतरला आणि उतरल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें परत जावयाचें नाकारलें. दोन अनुभवी माणसांना हाताशीं धरून तिनें पतीचा ठेका आपल्याकडे घेतला आणि 1863 मध्यें घाटाचें काम पुरें झालें. एके काळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या डोंगरांत राबत होते. पटकी व ताप यांनीं त्यांतले किती गेले, त्यांची नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत. बोगद्यांतून आपण जातों तेव्हां त्यांच्याच हातांनीं फोडलेल्या काळ्या पाषाणामधून जातों. आम्ही सेमिनरींत होतों तेव्हांपासून ही हकीकत आमच्या मनांत आहे, आणि या घाटांतून जातांना जपमाळेचें एक दशक आम्ही त्या बाईसाठीं व त्या मजुरांसाठीं म्हणतों. आपणांस हें उगीच सांगितलें असें वाटलें तर विसरून जावें.

तर गाडी पहिल्या मोठ्या बोगद्यांत शिरली. डब्यांत क्षणभर अंधार, मग दिवे, मग बाहेरचा लख्ख उजेड. दुसरा बोगदा गेला. तिसऱ्यांतून गाडी बाहेर पडली तेव्हां बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तो येथें हंसत असे."

गृहस्थांनीं 'कोण' म्हणून विचारलें नाहीं.

बंधुभगिनींनो, या दोघांना आज दोन मुलें आहेत असें आपण सर्व समजतों. आम्हीहि तसेंच समजत होतों. त्यांना तीन होतीं. पहिला मुलगा दीड वर्षाचा असतांना, 1991 सालीं, मुंबईंतील एका इस्पितळांत वारला. त्यापूर्वींच्या तीन महिन्यांत त्याला दाखवावयास दोघांनीं अकरा खेपा केल्या होत्या. सकाळीं सव्वासातची गाडी, संध्याकाळीं परतीची तीच गाडी. मूल बोगद्यांत घाबरून आईचा पदर धरी आणि उजेड आला कीं हंसे. बाराव्या खेपेला त्याला इस्पितळांत ठेवून घेतलें. तेथेंच तो गेला, आणि जवळ पैसा नसल्यामुळें व दुसरें कोणी नसल्यामुळें त्याला शिवडीच्या दफनभूमींत पुरून दोघें रात्रीच्या गाडीनें पुण्याला परत आलीं. दुधाची बाटली पिशवींत तशीच होती. घरीं आल्यावर वडील मंडळींनीं सांगितलें कीं, आतां त्याचें नांव काढूं नका, पुढें पाहा. तीं दोघें पुढें पाहूं लागलीं, तीं तेहतीस वर्षें पुढेंच पाहत राहिलीं. तिला दुःख होईल म्हणून यांनीं नांव काढलें नाहीं. यांना दुःख होईल म्हणून तिनें काढलें नाहीं. आपल्या समाजांत हा सल्ला अजूनहि दिला जातो. तो सद्भावनेनें दिला जातो, हें खरें. आमच्या मतें तो अत्यंत वाईट सल्ला आहे, आणि धर्मगुरूंनींहि तो पूर्वीं पुष्कळदां दिलेला आहे.

मुंबईस पोहोंचेपर्यंत त्यांचें त्याविषयीं फारसें बोलणें झालें नाहीं. बोलणें सुरू होण्याला बोगदा पुरला, पण पुढें जावयाला वेळ लागला, आणि तसा लागूं देण्याइतका वेळ त्यांच्यापाशीं त्या दिवशीं होता, कारण कोठें पोहोंचावयाचें नव्हतें. गाडी जेथें थांबते त्या स्थानकाचें नांव 1991 सालीं व्हिक्टोरिया टर्मिनस होतें. 1996 मध्यें तें छत्रपति शिवाजी टर्मिनस झालें आणि 2017 मध्यें 'महाराज' हा शब्द जोडला गेला. इमारत तीच. दोघांनीं ती अकरा-बारा वेळां ओलांडली होती आणि एकदांहि वर पाहिलें नव्हतें. आतां समोरच्या पदपथावर उभें राहून त्यांनीं ती पाहिली : वरचा घुमट व त्यावरची स्त्री-मूर्ति, प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह व एकीकडे वाघ, भिंतींवर कोरलेलीं पानें, पक्षी, माकडें. स्टीव्हन्स नांवाच्या स्थापत्यविशारदानें ती रचिली, पण तिच्यावरील कोरीव कामांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागलेला आहे. 2004 सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारसा म्हणून मान दिला. लेथवर आयुष्य घालविलेल्या मनुष्याला कारागिरी कळते. गृहस्थ अर्धा तास एका खिडकीच्या जाळीकडे पाहत राहिले. मागच्या खेपांना त्यांनीं नेहमीं टॅक्सी केली होती, ती जुनी काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. मूल मांडीवर घेऊन बसण्याला तिची मागची बैठक सोयीची होती म्हणे. त्यांनीं ती रस्त्यावर शोधली. पण 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस तिची मुदत संपून ती मुंबईंतून गेली होती.

फोर्टांत एका साध्या लॉजमध्यें खोली मिळाली. तेथील नोंदवहींत नांव, गांव, वय, आणि 'येण्याचें कारण' असा रकाना असतो. गृहस्थांनीं सर्व भरलें आणि कारणापाशीं येऊन लेखणी थांबली. काउंटरवरचा मनुष्य म्हणाला, "काय काम काढलंत? इस्पितळ, लग्न, ऑफिस, जें असेल तें लिहा." गृहस्थांनीं बाईंकडे पाहिलें. बाईंनीं वही आपल्याकडे ओढली आणि लिहिलें, 'सहज.' तो मनुष्य वाचून हंसला, पण त्यानें किल्ली दिली.

दुपारीं तीं दोघें चालत निघालीं. गृहस्थ संवयीप्रमाणें तीन पावलें पुढें. फ्लोरा फाउंटनपाशीं बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी हरवलें कीं काय म्हणून सारखे मागें वळून पाहतां, त्यापेक्षां बाजूनेंच चाला ना." हें ऐकून सभेंत बरीच मंडळी हंसत आहेत, विशेषतः भगिनी, यावरून रोग सार्वत्रिक दिसतो.

त्यांनीं काय काय पाहिलें तें सांगत बसत नाहीं, कारण त्यांनीं फारसें कांहीं पाहिलेंच नाहीं. वस्तुसंग्रहालयाच्या दारापर्यंत जाऊन, तिकिटाची रांग पाहून, बागेंतल्या झाडाखालीं बसून परत आलीं. राजाबाई टॉवरच्या घड्याळाचे ठोके ऐकले. तो मनोरा प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या आईच्या नांवानें बांधविला हें गृहस्थांना ठाऊक होतें, आणि तें सांगतांना त्यांना स्वतःच्या आईची आठवण झाली. जिच्या वर्षाच्या आंत हीं दोघें 'मौज' करावयास गेलीं म्हणून आमच्याकडे तक्रार आली, तिची आठवण फोर्टांतील रस्त्यावर उभें राहून तिच्या मुलानें व सुनेनें काढली, आणि सुनेनें त्याला सांगितलें कीं, शेवटच्या दिवसांत सासूबाई तिला 'आई' म्हणून हांक मारीत असत. हेंहि त्याला ठाऊक नव्हतें.

सायंकाळीं जुन्या टाऊन हॉलच्या, म्हणजे 1833 सालीं पुऱ्या झालेल्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या, रुंद पायऱ्यांवर तीं जाऊन बसलीं. तेथें तरुण मंडळी बसतात, फोटो काढतात. साठीच्या जोडप्याकडे कोणी पाहत नाहीं. भेळ खाल्ली. आठ वाजतां दुबईहून मुलीचा फोन आला. आई-बाबा दोघेंहि मुंबईंत आहेत हें ऐकतांच ती घाबरून म्हणाली, "कोणाचं काय झालं?" कोणाचें कांहीं झालें नाहीं, आम्ही सहज आलों आहों, हें तिला पटविण्यास दहा मिनिटें लागलीं. आपल्या मुलांना आपण काय शिकविलें आहे पाहा. आई-बाप एकत्र बाहेर पडले म्हणजे घरांत कांहीं तरी अरिष्ट आलें असलें पाहिजे!

फोन ठेवल्यावर गृहस्थ बोलले. त्यांनीं सांगितलें कीं, 1994 सालीं कारखान्याच्या कामासाठीं ते एक दिवस मुंबईस आले होते, आणि काम आटोपल्यावर एकटेच शिवडीला गेले होते. मुंबईंत जागा थोडी. कांहीं वर्षांनीं तीच भूमि दुसऱ्यास द्यावी लागते. त्यांना जागा सांपडली नाहीं. ते परत आले आणि कोणाला बोलले नाहींत. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनीं सांगितलें कीं, तो गेला त्या तारखेस त्या दरवर्षीं उपवास करीत आल्या आहेत. घरांत विचारलें तर पोट बरें नाहीं असें सांगत. गृहस्थांना दरवर्षींचें तें पोटाचें दुखणें आठवत होतें. एकदां तर त्यांनीं डॉक्टरकडेहि नेलें होतें.

एका घरांत, एका छताखालीं, एकाच मुलासाठीं दोन माणसें तेहतीस वर्षें निरनिराळा शोक करीत होतीं. पुण्यांत, आपल्या स्वयंपाकघरांत, हें बोलणें होऊं शकलें नसतें काय? आम्हीं त्यांना तसें विचारलें. गृहस्थ म्हणाले, "नसतं झालं, फादर. घरीं प्रत्येक खुर्ची कशासाठीं तरी आहे." आणि शिवडीला जाऊं या असें ठरवून तीं पुण्याहून निघालीं असतीं काय? तेंहि नाहीं, असें दोघेंहि म्हणाले. ठरवून निघालीं असतीं तर लोणावळ्याला उतरून परत आलीं असतीं.

रविवारीं सकाळीं कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्यें दोघें मिस्सेला गेलीं. 1905 सालचें तें मंदिर, दोन उंच मनोऱ्यांचें, आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. मिस्सा इंग्रजी होती; बाईंना प्रवचन फारसें समजलें नाहीं, आणि त्यामुळें चित्त चांगलें एकाग्र झालें, असें त्यांनीं आम्हांला सांगितलें. आम्ही तें निमूटपणें ऐकून घेतलें. बाहेर आल्यावर त्याच म्हणाल्या, "आतां शिवडी."

रविवारीं मुंबईच्या लोकल गाड्यांचा दुरुस्तीसाठीं मेगाब्लॉक असण्याची रीत आहे. त्या भानगडींत न पडतां त्यांनीं टॅक्सी केली. शिवडीहून न्हावाशेव्याकडे समुद्रावरून जाणाऱ्या, जवळजवळ 22 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचें उद्घाटन दोनच दिवसांपूर्वीं, 12 जानेवारीस, झालेलें होतें. टॅक्सीवाल्यानें शिवडी हा शब्द ऐकला आणि म्हणाला, "पूल बघायला ना? आज सगळी मुंबई तिकडंच निघालीय." बाई म्हणाल्या, "हो." मग त्यानें वाटभर पुलाची माहिती सांगितली, आणि दफनभूमीच्या फाटकाशीं गाडी थांबवावयास सांगितलें तेव्हां तो एकदम गप्प झाला आणि सुटे पैसे परत करतांना त्यानें हात जोडले.

तेथील कारकुनानें जुनी नोंदवही काढली. 1991. पानावर नांव होतें. मुलाचें नांव, बापाचें नांव, वय, तारीख. जागा आतां दुसऱ्यांची आहे, तिसऱ्यांचीहि असेल. पण शाईनें लिहिलेलें तें नांव बाईंनीं बोटानें वाचलें, आणि गृहस्थांनीं चष्मा काढून पुन्हां वाचलें. मोठ्या क्रूसाशीं त्यांनीं मेणबत्ती लावली. वारा होता, ती दोनदां विझली. फार वेळ तीं तेथें थांबलीं नाहींत.

परतीची गाडी संध्याकाळीं 5 वाजून 10 मिनिटांनीं सुटते. या खेपेला जागा शेजारीं-शेजारीं मिळाल्या. उपाहाराच्या डब्यांत जाऊन दोघांनीं टेबलाशीं बसून टोस्ट आणि चहा घेतला. 1991 च्या अकरा खेपांत त्या डब्याच्या दारावरून तीं जात-येत होतीं, पण आंत जाण्याची छाती झाली नव्हती. कर्जतला गाडी थांबली, मागून ढकलणारीं इंजिनें जोडलीं गेलीं, आणि अंधार पडल्यावर घाट चढतांना बोगदा कोणता आणि बाहेरची रात्र कोणती हें ओळखूं आलें नाहीं. खर्चाचा हिशेब बाईंनीं रात्रीं वहींत लिहिला. भेळेसकट.

आतां तक्रारींचें उत्तर देणें आम्हांस भाग आहे. घरांत मृत्यु झाल्यावर वर्षाच्या आंत प्रवास करूं नये असा दंडक ख्रिस्तसभेच्या कायद्यांत कोठेंहि नाहीं. तो आपल्या रूढीचा भाग आहे; रूढीला मान द्यावा, पण रूढीच्या नांवानें दुसऱ्याच्या उंबरठ्यावर पहारा करूं नये. वयाविषयीं म्हणाल तर रेल्वे कोणालाहि वय झालें म्हणून उतरवीत नाहीं. आणि 'काम नसतांना' यांविषयीं आम्ही इतकेंच विचारूं इच्छितों कीं, येथें जमलेल्या दांपत्यांपैकीं किती जणांनीं लग्नानंतर एकदां तरी, मुलें बरोबर न घेतां, कोणाच्या लग्ना-बारशाचें निमित्त नसतांना, नवस फेडावयाचा नसतांना, एकत्र एक रात्र घराबाहेर काढली आहे? हात वर करण्याची गरज नाहीं. आपसांत मोजावें. ज्यांना पैशाची अडचण आहे त्यांच्यासाठीं मुंबई नको. लोणावळ्याची लोकल आहे, सासवडची एस. टी. आहे. ज्यांच्या घरीं अंथरुणाला खिळलेलें माणूस आहे त्यांची अडचण खरी आहे, आणि ती सल्ल्यानें सुटत नाहीं. त्यासाठीं महिलामंडळाच्या भगिनींपैकीं चौघींनीं, आणि तरुण संघाच्या तिघांनीं, अशा घरीं शनिवार-रविवार येऊन राहण्याचें कबूल केलें आहे. त्यांचीं नांवें कार्यालयाच्या फलकावर आहेत. फलकाशीं उभें राहण्याचा संकोच वाटेल त्यांनीं आम्हांला फोन करावा. कारण विचारलें जाणार नाहीं.

त्या प्रवासानंतरच्या आठवड्यांत बाई आमच्याकडे आल्या आणि मुलाच्या नांवानें मिस्सा सांगावयाची आहे असें म्हणाल्या. बाप्तिस्मा झालेल्या दीड वर्षाच्या बालकाला आमच्या प्रार्थनेची आवश्यकता नाहीं, हें आम्ही सेमिनरींत शिकलों आहों, आणि तें त्यांना सांगितलेंहि. त्या म्हणाल्या, "त्याला नसेल, फादर, नांव मोठ्यानं ऐकायचं आहे." आम्हीं वही उघडली. त्यांनीं नांव सांगितलें, स्पष्ट आवाजांत, आणि आम्हीं तें लिहून घेतलें.

येत्या 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनीं, सायंकाळीं 6 वाजतांच्या मिस्सेंत धर्मग्रामांतील मृतांचीं नांवें वेदीवरून वाचलीं जातील, त्यांत तें असेल. आणखी कोणाच्या घरीं असें न उच्चारलेलें नांव असेल, बाळाचें, न जन्मलेल्याचें, दूर कोठें पुरलेल्याचें, तर तें ऑक्टोबर संपण्यापूर्वीं कार्यालयांत आणून द्यावें. कागदावर लिहून लखोट्यांत घालून दिलें तरी चालेल. दोघांनीं मिळून आणल्यास अधिक बरें.